सकाळची काडी आणि रात्रीची साखर

तेलंगणातल्या निर्मलच्या नकाश कारागिरांनी घडवलेली लाकडी फळे ज्यांनी हातात घेतली आहेत, त्यांना त्यांचे वजन आठवत असेल. वजन जवळजवळ नाहीच. पोनिकी नावाचे हलके, मऊ लाकूड कोरून आंबा किंवा सीताफळ घडवतात, त्यावर चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा यांचा लेप देतात आणि मग रंग चढवतात. या फळांना तिथली माणसे ‘पंड्लु’ म्हणतात. तेलंगणाच्या बोलीत दातांनाही ‘पंड्लु’च म्हणतात. एकाच शब्दात फळे आणि दात दोन्ही मावतात. म्हणून तिथल्या आठवडी बाजारात कोणी ‘पंड्ल पुल्ल’ मागितली तर दुकानदार गोंधळत नाही, दात घासायची काडी काढून देतो.

ही काडी मराठीत दातवण आणि दख्खनी उर्दूत दातुन. मशिदीच्या दारात विकली जाणारी पिलूची काडी ती मिस्वाक. निर्मलच्या मुलखात या साऱ्या शब्दांची ये-जा पिढ्यान् पिढ्या चालू आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा हैदराबाद संस्थानातून आलेल्या जिल्ह्यांच्या वाटण्या महसुली मंडळे मोजून झाल्या. निर्मल तेव्हा ज्यात होते त्या आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके निघून मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशाला मिळाली, ती आज निर्मल जिल्ह्यात आहेत. भैंशाच्या दुकानात आजही मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच वाक्यात ऐकू येतात. दातांच्या बाबतीत मात्र तिन्ही भाषांतल्या घरांचा रिवाज एकच होता. सकाळी उठायचे, तोंड धुवायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचा.

या रिवाजातला ‘सकाळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दातांच्या इथल्या इतिहासाचा पेच त्याच शब्दात आहे.

काडीपासूनच सुरुवात करू. सुश्रुतसंहितेत दातवणाची मापे दिली आहेत. लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी, काडी सरळ हवी, तिला गाठ किंवा भोक नको. कोणत्या चवीत कोणते झाड उत्तम, तेही सांगितले आहे. कडू चवीत निंब, तुरटात खैर, तिखटात करंज, गोडात मोह. ही नावे निर्मलच्या माणसाला पुस्तकातली वाटणार नाहीत. निंब त्याच्या बांधावर असतो, करंज ओढ्याकाठी आणि मोह डोंगराकडच्या रानात. चीनचा भिक्षू इत्सिंग सातव्या शतकात नालंदाला शिकून गेला. त्यानेही दंतकाष्ठाचे वर्णन बारा अंगुळांचेच केले आहे. आपल्या देशबांधवांची एक चूकही त्याने दुरुस्त केली. भारतातली ही काडी वाळुंजाची असते असा चिनी लोकांचा समज होता, तसे नाही हे त्याने लिहून ठेवले.

काडी करण्याची रीत बघण्यासारखी आहे. हिरवी डहाळी पानांकडून मोडून घ्यायची आणि एक टोक दाढेखाली धरून सावकाश चावायचे. आधी साल सुटते, मग कडू रस तोंडभर होतो, लाळ सुटते आणि हळूहळू तंतू मोकळे होऊन टोकाचा कुंचला तयार होतो. एकेक दात त्याने घासायचा. शेवटी काडी मधोमध उभी चिरायची, एक फाक दोन्ही हातांनी धनुष्यासारखी वाकवायची आणि तिने जीभ खरवडायची. नंतर चूळ भरायची. या साऱ्याला निवांत दहा मिनिटे लागतात. तोवर गोठ्यात एक फेरी होते आणि शेजाऱ्याशी दोन गोष्टीही बोलून होतात.

काडीच्या काटकसरीची एक आठवण काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. 1930 साली ते गांधीजींबरोबर येरवड्याच्या तुरुंगात होते. दातवण झाल्यावर गांधीजींनी चावलेले टोक कापून उरलेली काडी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायला सांगितली. इथे काड्यांना काय तोटा, असे काकासाहेबांना वाटले. पण झाड भरलेले आहे म्हणून ओरबाडायचा हक्क आपल्याला मिळत नाही, अशी गांधीजींची भूमिका होती. काडी हातात धरवेनाशी होईपर्यंत ती वापरायची. खेड्यातल्या आजोबांना हे सांगावे लागले नसते.

दातवण किती वेळा करायचे, याचेही उत्तर जुन्या वैद्यांनी दिले होते. चरकसंहिता दिवसातून दोनदा करायला सांगते, आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नका असेही बजावते. वाग्भट सकाळी आणि जेवणानंतर करायला सांगतो. हा सल्ला आजच्या दंतवैद्याच्या सल्ल्यापासून फार दूर नाही. मग घराघरांत एकच वेळ कशी उरली?

याचे कारण धर्माचारात दिसते. दात घासणे हे प्रातर्विधीत बसले, स्नानसंध्येच्या आधीची शुद्धी ठरले. एकादशीला, श्राद्धाच्या दिवशी लाकडाची काडी तोंडात घालायची नाही, बारा चुळा भरायच्या, असे नियम झाले. ऋषिपंचमीला बायकांनी आघाड्याच्या काडीने दात घासायचे, ही चाल मराठी घरांत अजून पाळली जाते. समर्थ रामदासांनी मूर्खाची लक्षणे सांगताना ज्याचे दात सदा मळलेले त्यालाही त्या यादीत घातले. स्वच्छ दातांचा मान मोठा होता यात शंका नाही. पण तो मान देवापुढे उभे राहण्याशी आणि चारचौघांत बोलण्याशी जोडलेला होता, खाण्याशी नव्हता. माणूस पारोसा असतो तो सकाळी. रात्री जेवून, चूळ भरून झोपलेल्याला कोणी पारोसा म्हणत नाही. वैद्याने सांगितलेली दुसरी वेळ अशी गळून गेली. पहिल्या वेळेमागे धर्म उभा होता, दुसरीमागे कोणीच नव्हते.

फार मोठे नुकसान मात्र तेव्हा झाले नाही. ज्वारीची भाकरी, वरण, ताक, रानभाज्या हे दातांना चिकटून बसणारे अन्न नव्हे. गोड पदार्थ सणासुदीला होत, आणि गूळ डब्यातून मोजून निघे.

काडीच्या जोडीला चूल होती. गोवरीची राख चाळून केलेली राखुंडी, कुटलेला कोळसा, मीठ आणि तेल हे घरातल्या पोराबाळांचे मंजन. बोटावर घेऊन घासायचे, थुंकायचे, मोकळे व्हायचे. राखुंडीने दात पांढरे दिसत हे खरे. जाडीभरडी राख आणि वीटकर रोज घासली की दातावरचे कवच झिजते हेही खरे. उतारवयात गार पाण्याने कळ येणे, दात हिरडीजवळ खाच पडून तुटणे, याचे मूळ बऱ्याचदा त्या जोरकस घासण्यात असे. जुने ते सारे निर्दोष होते असे म्हणून चालणार नाही.

बायकांच्या वाट्याला आणखी दोन गोष्टी आल्या. पहिली काळे दातवण. हिरड्यासारख्या तुरट वस्तू आणि हिराकस यांची ही पूड सवाष्ण बायका दात काळे करण्यासाठी लावत. मुसलमान घरांत तिला मिस्सी म्हणत. काळे दात हे तेव्हा सौंदर्य होते, पोक्तपणाची खूण होती. ती चाल गेली.

दुसरी गोष्ट गेली नाही. ती म्हणजे मिसरी. कोकणात हिला मशेरी म्हणतात. चुलीवर तवा ठेवायचा, त्यावर तंबाखू पसरायची आणि मंद आचेवर परतत राहायचे. पिवळट पाने आधी तपकिरी आणि मग काळी होतात. धुराने घरातल्या पोराला ठसका लागतो. मग ती पूड हाताने चुरून पत्र्याच्या डबीत भरायची. तर्जनीच्या टोकावर चिमूटभर घ्यायची आणि हिरड्यांवर फिरवत ओट्यावर बसायचे. पहिल्यांदा ती बहुधा दाढ दुखते म्हणून लावलेली असते. शेजारीण सांगते, जराशी लाव, बरे वाटेल. बरे वाटतेही, कारण तंबाखूतले निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जाते. मग सकाळची एकदाची वेळ दोनदा, चारदा होते. दुपारी ती मिळाली नाही तर डोके चढते. दातांसाठी काही लावायचे म्हणून दिवसातून चार वेळा हात तोंडाकडे जातो, आणि प्रत्येक वेळी तोंडात विष पडते. गालाच्या आत पांढरा चट्टा, तोंड उघडताना ताण, न भरणारी जखम या पायऱ्या कर्करोगाकडे नेतात. तंबाखूने दात साफ होतात, हा समज या मुलखातल्या बायकांना महाग पडला आहे.

सरकारने 30 एप्रिल 1992 रोजी टूथपेस्ट आणि टूथपावडरीत तंबाखू घालायला बंदी केली. त्या बंदीला आव्हान दिले गेले, पण 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बाजारच्या डब्यांतली तंबाखू कायद्याने निघाली. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत मात्र कोणताही कायदा पोहोचत नाही. तिथे मुलीने आईला आणि नातीने आजीलाच सांगावे लागते.

या सगळ्या कहाणीत 1937 हे साल वेगळे काढून पाहावे असे आहे. बासरच्या सरस्वतीच्या घाटावरून गोदावरी ओलांडली की पलीकडच्या अंगाला बोधन लागते. तिथे त्या साली निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. तिच्या वसाहतीचे नावच शक्करनगर पडले आणि आशियातल्या मोठ्या साखर कारखान्यांत तिची गणना होऊ लागली. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीची भारतात नोंदणी झाली तीही 1937 सालीच, आणि तिचा माल सुरुवातीला हातगाड्यांवरून दुकानांत पोहोचवला जाई. साखर आणि टूथपेस्ट, दोघींनी एकाच वर्षी दार ठोठावले. फरक एवढाच की साखर गावागावांत लवकर पोहोचली, पेस्टला कित्येक दशके लागली.

गूळ जाऊन चहात साखर आली. चहा एकदाचा दोनदा, मग पाहुण्यागणिक झाला. पुढे बिस्किटे आणि गोळ्या आल्या. दात किडण्याची रीत साधी आहे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. लाळ ते आम्ल धुऊन काढते, पण झोपेत लाळ फार कमी सुटते. रात्रीच्या गोड दुधाचा किंवा शेवटच्या बिस्किटाचा थर दातांवर तसाच राहिला की जंतूंना अख्खी रात्र मोकळी मिळते. सकाळी काडी तोंडात जाते तोवर त्यांचे काम झालेले असते. आहार बदलला, रोग बदलला, दात घासायची वेळ मात्र जुन्या पहाटेलाच बांधलेली राहिली.

1937 सालाची तिसरी नोंद याहून दूरची. त्या साली मद्रास इलाख्यातल्या डॉक्टरांनी एका विकाराचा अहवाल छापला. डागाळलेले दात, ताठ झालेला कणा, आखडलेले सांधे ही त्याची लक्षणे, आणि कारण विहिरीच्या पाण्यातले जादा फ्लोराइड. दातांवरच्या तपकिरी डागांचे कोडे अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 1901 पासून अभ्यासले जात होते आणि 1931 मध्ये त्याचा संबंध पाण्यातल्या फ्लोराइडशी लागला होता. आपल्याकडे पुढे नलगोंडा जिल्हा या विकारासाठी सर्वांत कुप्रसिद्ध ठरला. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातले फ्लोराइड काढण्याची पद्धत बसवली, तिला नलगोंडा पद्धत असेच नाव मिळाले. घरच्या बादलीतही ती करता येते.

ही गोष्ट निर्मलपासून लांबची वाटेल, पण तशी नाही. 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच असलेल्या किनवट तालुक्यातल्या कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. दात हिरडीखाली घडत असतानाच, म्हणजे बालपणी, हे पाणी पोटात गेले की नवा दात पिवळा, तपकिरी, खडबडीत उगवतो. तो कितीही घासला तरी पांढरा होत नाही. अशा पोराला ‘दात घासत नाहीस’ म्हणून बोल लावणे हा धडधडीत अन्याय आहे. बिचारे पोर आणखी जोरात घासते आणि हिरड्या सोलून घेते. तेच फ्लोराइड पेस्टमधून, योग्य प्रमाणात, दातावर वरून लागले तर कवच घट्ट करते. म्हणून पेस्ट घ्यायची ती फ्लोराइडची, पण तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून मोठ्या मुलाला मटाराच्या दाण्याएवढी. आणि ती गिळू द्यायची नाही.

ब्रशची गोष्ट थोडक्यात सांगता येते. चीनमध्ये डुकराच्या केसांचे ब्रश पंधराव्या शतकापासून होते. इंग्लंडमध्ये विल्यम अॅडिस याने 1780 च्या सुमारास त्यांचा धंदा उभा केला. हाडाची मूठ आणि डुकराचे केस असली वस्तू आपल्या देवघराजवळच्या मोरीत कशी शिरणार? 1938 मध्ये नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत निघाला आणि ती अडचण संपली. निर्मलला रेल्वे नाही. नागपूर-हैदराबाद हमरस्त्याने आणि बासर स्टेशनवरून जो माल येईल तोच दुकानात. ब्रशच्या कितीतरी आधी तिथे मंजनाच्या डब्या पोहोचल्या. माकडछाप काळी टूथ पावडर, नाशिकच्या बिटकोचे काळे दंतमंजन ही नावे मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या राहिली. ती बोटाने लावायची असल्यामुळे राखुंडीची सवय न मोडता चालून गेली. 1952 साली केशव विष्णू पेंढरकरांनी, नागपुरातले किराणा दुकान मागे टाकून, मुंबईत विको कंपनी काढली आणि वनौषधींची वज्रदंती पावडर घरोघर फिरून विकली.

त्याच 1952 साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. माहिती-प्रसारण मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद केले होते, म्हणून श्रोते सिलोनकडे वळले. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज येई, आणि त्या आवाजाबरोबर बिनाका या टूथपेस्टचे नाव ज्याने कधी पेस्ट पाहिलीही नव्हती त्याच्याही ओठांवर बसले. नाव रात्री कानावर पडे. पेस्ट घरात आल्यावर मात्र ती सकाळीच वापरली गेली. जाहिरातीने काडीच्या जागी ब्रश दिला, वेळ बदलून दिली नाही. कसा घासायचा, किती वेळ, कोणत्या कोनात, हेही कोणी शिकवले नाही. दहा मिनिटांची काडी गेली आणि अर्ध्या मिनिटाचा फेस आला. हरवले ते हेच. कडुनिंबाच्या रसापेक्षा त्या दहा मिनिटांचे नुकसान मोठे आहे.

डॉक्टरांची मदत फार उशिरा आली. दंतवैद्यांचा कायदा 29 मार्च 1948 चा, तेव्हा हैदराबाद अजून भारतात यायचे होते. हैदराबादचे सरकारी दंत महाविद्यालय 1959 चे. निर्मलहून तिथे जायचे तर दोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास. दाढ दुखली की लवंग, मीठपाणी, मिसरी, आणि शेवटी उपटणे हा क्रम होता. उपटण्यावाचून इलाज नाही असे वाटले की माणूस सांभाळणेही सोडून देतो.

शिकवायचे तर ते पोराच्या भाषेत, ही गोष्ट जुन्या आदिलाबाद जिल्ह्याने एकदा करून दाखवली आहे. 1943 च्या सुमारास ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने आदिलाबादच्या मार्लवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि गोंडी भाषेतली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत असताना याच मुलखात गोंडी आणि कोलामी शिकले, त्यांची व्याकरणे त्यांनी लिहिली. आज पेस्टच्या खोक्यावरच्या बारीक अक्षरांतल्या सूचना इंग्रजीत असतात. भैंसा, मुधोळ, तानूरकडच्या मराठी शाळेतले पोर त्या वाचणार नाही, आणि त्याची आजी तर नाहीच.

दातवण कोणाला आवडत असेल तर त्याने ते सकाळी खुशाल करावे. काडी ताजी घ्यावी, टोक नीट मऊ होईपर्यंत चावावे, हिरडीला ओरखडा येऊ देऊ नये. रात्रीचे काम मात्र मऊ केसांच्या ब्रशचे आणि फ्लोराइडच्या पेस्टचे आहे. दोन मिनिटे, दातांच्या आतल्या बाजूने आणि मागच्या दाढांवरूनही ब्रश फिरवायचा. त्यानंतर पाण्याखेरीज काही तोंडात घालायचे नाही. ब्रशचे केस वाकले की, किंवा तीन-चार महिन्यांनी, तो बदलायचा.

या पट्ट्यातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. प्रार्थनेच्या रांगेत ‘दात घासले का?’ असे विचारण्याऐवजी ‘काल रात्री घासले का?’ असे विचारा. एखाद्या पोराच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, तर त्याला रांगेबाहेर काढू नका. त्याच्या घरच्या बोअरच्या पाण्याची बाटली भरून तपासायला पाठवा.